चालणे आणि स्मरणशक्ती

उतारवयात स्मरणशक्ती मंदावते, हा सर्वांच्याच परिचयाचा अनुभव होय. मेंदूच्या अंतर्भागी दोन्ही बाजूंस समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नामक भाग असतो. नव्या आठवणी घडविण्याच्या कामी तो अत्यावश्यक असून वार्धक्यात हळूहळू आक्रसत जातो. ही झीज अटळच मानावी काय?

कर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर आदी अमेरिकन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बैठ्या सवयीच्या १२० वयस्क व्यक्तींचे दोन गट केले होते. एका गटाने आठवड्यातून तीनदा भरभर चालावयाचे. आरंभ अवघ्या दहा मिनिटांचा, पुढे वाढवीत चाळीस मिनिटांपर्यंत. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करावयाचे. वर्षाअखेर चुंबकीय प्रतिमांवरून मोजमाप केले, तेव्हा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला, तर इतरांचा १.४ टक्क्यांनी घटलेला आढळला. मज्जापेशींचे पोषण करणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील वाढते प्रमाणही या वाढीशी निगडित दिसले.

येथे उतावळेपणा मात्र उपयोगाचा नाही. स्मरणचाचणीत दोन्ही गटांची प्रगती झाली होती. चालणाऱ्यांमध्ये ज्यांचा हिप्पोकॅम्पस अधिक वाढला, त्यांची स्मृतीही अधिक सुधारली, एवढेच निश्चितपणे नोंदविता आले.