प्रश्नाला धार कशी येते?

डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या शोधपत्रिकेत बंबलबी या माश्यांवर एक शोधनिबंध आला. तो लिहिला होता इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या २५ मुलांनी. वय वर्षं आठ ते दहा! आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, संदर्भसूची नाहीच. पण निष्कर्ष नवा होता: फुलाची निवड करताना या माश्या रंग आणि जागा या दोन्हींची सांगड घालू शकतात.

मुलांनी हे शोधलं कसं, यापेक्षाही हा विषय त्यांना सुचला कसा, हे मला जास्त विलक्षण वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ बो लोट्टो आणि मुख्याध्यापक डेव्ह स्ट्रडविक यांनी विषय देऊन टाकला नाही. मुलांशी गप्पा मारल्या, खेळ खेळले. माशी होऊन जगणं कसं असेल? माणसासारखी कोडी तिला सुटतील का? अशा बोलण्यातून प्रश्न निघाले आणि मुलांनी माश्यांसाठी खरोखरच एक कोडं रचलं.

कोडं असं. पेटीत चार फलक, प्रत्येकावर १६ वर्तुळं. दोन फलकांवर मधली चार निळी आणि कडेची बारा पिवळी. उरलेल्या दोनांवर नेमकं उलट. साखरेचं पाणी फक्त मधल्या चारांत. म्हणजे ‘निळ्यावर जा’ एवढंच शिकून भागणार नव्हतं. शिकवून झाल्यावर साखर काढून घेतली, तरी माश्या बहुतेक वेळा मधल्याच वर्तुळांवर गेल्या. मग मुलांना शंका आली, त्या नुसत्या ‘मधे जायचं’ एवढंच शिकल्या नसतील ना? म्हणून मधली वर्तुळं हिरवी करून पाहिली. आता माश्यांची मधल्या वर्तुळांकडची ओढ राहिली नाही. स्वतःच्याच उत्तरावर अशी शंका घेणं हे संशोधनाचं मर्म. ते दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना उमगलं होतं.

हे शिकवता येतं का? येतं, आणि त्याच्या पायऱ्याही आहेत. पहिली पायरी म्हणजे प्रश्नांचा पाऊस पडू देणं. अमेरिकेतल्या डॅन रॉथस्टीन आणि लूझ सांताना यांनी यासाठी साधे नियम घालून दिले आहेत: जमतील तितके प्रश्न विचारा, मधेच थांबून चर्चा करू नका, उत्तर देऊ नका, चांगलं-वाईट ठरवू नका, प्रश्न जसा आला तसाच लिहून घ्या. कुणी हसायचं नाही, हे तर आलंच. १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा या शाळकरी मुलाला दिसलं की आइस्क्रीमचं गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठलं. त्याने कारण विचारलं, तेव्हा त्याची थट्टा झाली. पुढे डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकाने तो प्रश्न मनावर घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. शास्त्रज्ञ त्या प्रश्नावर आजही वाद घालतात.

दुसरी पायरी म्हणजे प्रश्नाला धार लावणं. ‘पाणी’ हा प्रकल्पाचा विषय नव्हे, तो फार तर एक शब्द. पण वर्गात एक माठ आणून ठेवा आणि फळ्यावर काय काय जमतं ते पाहा. नव्या माठातलं पाणी जास्त गार का? पावसाळ्यात माठ हवा तितका गार का करत नाही? ओलं फडकं गुंडाळलं तर? बाहेरून तेलरंग लावला तर? यातला शेवटचा प्रश्न निवडू या. तो असा नेमका करता येईल: एकाच कुंभाराकडचे, एकाच मापाचे दोन माठ, त्यातला एक रंगवलेला. दोन्ही एकाच सावलीत ठेवले, तर सहा तासांनी पाण्याच्या तापमानात किती अंशांचा फरक पडेल? आता हातात थर्मामीटर घेऊन कामाला लागता येतं.

आणि मग प्रश्नातून प्रश्न फुटतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. किती? १० लिटरच्या माठातून फक्त १०० ग्रॅम पाणी उडालं, तर सुमारे २ लाख ४० हजार जूल उष्णता जाते. बाहेरची उष्णता आत आली नाही, तर एवढ्याने उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी गार व्हावं! खरंच तेवढं होतं का? वजनकाट्यावर माठ ठेवून कोणतंही मूल हे तपासू शकतं. हिशेब आणि मोजमाप जुळलं नाही, तर तो फरक हाच पुढचा विषय.

तिसरी पायरी शिक्षकाची, आणि तीच सगळ्यांत अवघड. उत्तर माहीत असूनही गप्प राहायचं. ‘हे तुला कसं कळेल?’ आणि ‘यात आणखी काय बदलतंय?’ एवढंच विचारत राहायचं. रंगवलेला माठ खिडकीजवळ ठेवलाय, हे मुलाच्याच लक्षात आलं पाहिजे.

आपल्याकडे यासाठी मोकळी जागाही आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन तिथे प्रकल्प मांडतात. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गावची विहीर, ओढा, शेताचा बांध पुरतो.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. यंदा प्रकल्पाचे विषय छापील यादीतून वाटू नका. पहिला तास फक्त प्रश्नांसाठी ठेवा, मुलं विचारतील तो प्रत्येक प्रश्न फळ्यावर लिहा आणि त्यातला एक निवडण्याचा हक्क मुलांनाच द्या. स्वतः निवडलेल्या प्रश्नामागे मूल किती दूरवर जातं, हे तुम्हाला वर्षअखेरीस दिसेलच.