शिळे पेट्रोल आणि बंद पडणारी मोटारसायकल

आयर्लंडमध्ये पुष्कळ लोक ऑक्टोबरात मोटारसायकलवर कापड टाकतात, ते थेट मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक्स डेच्या सुमारास काढतात. गाडी चालू तर होते, पण दोन मिनिटांत फडफड करून बंद पडते. पुन्हा चालू, पुन्हा बंद. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. माझाही गेला होता. नवी बॅटरी घातली, गाडी झोकात निघाली आणि पहिल्याच राउंडअबाउटवर मधोमध बंद पडली. मागे बस होती! गाडी ढकलत कडेला नेताना डोक्यात प्रकाश पडला: बॅटरीने इंजिन सुरू करून दिले होते. ते नंतर मरत असेल, तर बहुधा त्याला पेट्रोल नीट मिळत नाही.

आपल्याकडचा मेकॅनिक यावर दोनच शब्द बोलतो, ‘कचरा आलाय.’ पण हा कचरा बाहेरून आलेला नसतो, तो पेट्रोलचाच झालेला असतो. जुन्या गाड्यांत टाकीतले पेट्रोल आधी कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या छोट्या वाटीत येते. तिथून ते ‘जेट’ नावाच्या पितळी तुकड्यांतल्या भोकांतून हवेत मिसळते. गाडी काही महिने उभी राहिली की वाटीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. एक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनला जे जेट पेट्रोल पुरवते, त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. म्हणून आधी तेच बुजते.

शिवाय आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. आयर्लंडमध्ये २०२३ पासून ई-१० मिळते, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात तर हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे, आणि महाराष्ट्रातल्या उसालाही त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि इथली हवा किती दमट असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी जाऊन बसते.

गाडी कशी बंद पडते, यावरून दोष कुठे आहे ते ओळखता येते. चोक ओढलेला असताना चालते आणि चोक ढकलला की मरते, तर ते बारीक जेट बुजले आहे असे समजावे. चोकमुळे इंजिनला जास्त पेट्रोल मिळते, म्हणून तोवर दोष झाकला जातो. दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून बंद पडली, तर टाकीचे झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी पुन्हा चालू लागली, तर झाकणातले हवेचे छिद्र बंद आहे. वरून हवा आत आली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. एक्सिलरेटर दिल्यावरच गचके खात असेल तर मोठे जेट किंवा पेट्रोलची जाळी तपासावी. आणि हो, एअर फिल्टरही उघडून पाहा. हिवाळ्यात उंदरांना ती जागा फार आवडते.

उपाय करताना गाडी उघड्यावर, थंड इंजिनाने घ्यावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, त्याचा धूर जीव घेतो. पेट्रोल कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. मग टाकीही रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने धुवावे आणि उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. तार मात्र खुपसू नका, पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की जेट वाया गेले.

पुण्याला चेतक स्कूटर चालू होईना की आम्ही ती एका बाजूला कलती करायचो आणि मग किक मारायचो. पेट्रोल सरकून कार्ब्युरेटरपर्यंत पोचावे, ही त्यामागची कल्पना. ती युक्ती बुजलेल्या जेटपुढे चालत नाही. (आताची चेतक विजेवर चालते, तिला हे दुखणेच नाही!)

माझ्या गाडीचे जेट धुतल्यावर ती चोक न लावता सावकाश फिरू लागली. काढलेली बॅटरी चार्ज करून पाहिली, ती ठणठणीत होती. तेव्हापासून ऑक्टोबरात मी टाकी काठोकाठ भरतो, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पेट्रोल टिकवण्याचे औषध घालून गाडी थोडी फिरवून आणतो, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. वाटी रिकामी झाली की गाडीवर कापड.