बाण का पळतो? माऊसपासून बायॉसपर्यंतचा मागोवा

विदर्भातल्या आष्टीत लॅपटॉप कोरा करकरीत येतो तसा सेकंडहँडही येतो. नागपूर-अमरावतीच्या बाजारातून, पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाकडून, नाहीतर एखाद्या ऑफिसातून निघालेल्या मालातून. त्यामुळे शहराने केव्हाच विसरलेले बिघाड इथे अजून भेटतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तक्रारीचे शब्द मात्र तेच राहिले : "भाऊ, बाण पळून राह्यला." बदलली ती बिघाडाची जागा. ती हळूहळू आत सरकत गेली, आणि तिच्यासोबत दुरुस्तीही गावाच्या हातून निसटत गेली.

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावांतल्या हजारोंनी पहिल्यांदा माऊस हातात धरला. तो पोटात रबरी गोळी असलेला माऊस होता. गोळी टेबलावरची धूळ उचलायची, ती आतल्या दोन रुळांवर चिकटून बसायची आणि बाण अडखळायचा. झाकण फिरवून गोळी काढायची, नखाने रुळांवरचं किटण खरवडायचं, की काम झालं. मागचा हिरवा गोल पीएस/२ पिन मशीन चालू असताना निसटला, तर परत खोचून बहुधा उपयोग नसे. संगणक पुन्हा सुरू करावा लागे. पुढे लाल उजेडाचा ऑप्टिकल माऊस आला आणि गोळी गेली. काचेच्या टेबलावर तो भांबावे, पण खाली वही सरकवली की सुतासारखा चाले. बिघाड डोळ्यांना दिसत होता, तोवर इलाज घरचाच होता.

लॅपटॉपचा टचपॅड आला तेव्हाही सुरुवातीला फारसं बिघडलं नाही. सिनॅप्टिक्स, आल्प्स यांचे जुने पॅड आतून पीएस/२ माऊसचीच भाषा बोलत. विंडोज एक्सपी नव्याने टाकली आणि ड्रायव्हर नसला, तरी बाण हलायचा. दोन बोटांनी पान सरकत नसे, इतकंच. अशी जुनी मशीनं पुढेही बरीच वर्षं वापरात राहिली. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. नवरा-बायको दोघांचे अंगठे घ्यायचे म्हणून सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. एका यूएसबीला अंगठ्याचं यंत्र, दुसऱ्याला प्रिंटर, तिसरं भोक ढिलं झालेलं. अशा मशीनवर टचपॅड बंद पडला, तर रांग थांबायची.

अशा मशीनच्या दोन तक्रारींचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच, तरी त्यांच्यापायी कितीतरी लॅपटॉप विनाकारण फॉरमॅट झाले. पहिली अर्थिंगची. चार्जर तीन पिनांचा असतो, पण अनेक जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं. चार्जरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जायला वाट नसली, की लॅपटॉपच्या अंगावर थांबतो. धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतभाराचा अगदी सूक्ष्म बदल मोजत असतो. या गोंगाटात ते मोजमाप चुकतं आणि बाण उड्या मारतो. चार्जर काढताच बाण शांत झाला, तर आधी वायरमनला बोलवावं. कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा असला, तरी वैशाखात जमीन भेगाळते तेव्हा त्यात पाणी ओतावं लागतं. दुसरी तक्रार फुगलेल्या बॅटरीची. वैदर्भी उन्हाळा आणि दिवसभर लावून ठेवलेला चार्जर यांनी म्हातारी झालेली बॅटरी फुगते, खालून पॅडला रेटते, आणि क्लिक आपोआप होत राहतात. पॅड किंचित वर आलेला दिसला तर लॅपटॉप बंद करावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, ती बदलावी.

नव्या मशीनपुरतं मात्र साधारण २०१३ नंतर चित्र पालटलं. विंडोज ८.१ सोबत नव्या पद्धतीचे टचपॅड आले आणि अनेक मॉडेलांत पॅड आयटूसी नावाच्या मार्गाने जोडला जाऊ लागला. आता पॅड कुठे बसवलाय हे विंडोजला बायॉसमधले, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधले, तक्ते सांगतात. तक्त्यात चूक असली किंवा चिपसेटचा ड्रायव्हर नसला, तर पॅड धडधाकट असून विंडोजला सापडतच नाही. म्हणून तपासणीचा क्रम बदलला. आधी बाहेरचा माऊस लावून पाहायचा. मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावर सुरू करायचं. तिथे पॅड चालला, तर हार्डवेअर शाबूत. मग ड्रायव्हर, आणि शेवटी बायॉसचा अपडेट.

हे 'शेवटी' म्हणण्यामागे जुनी धास्ती आहे. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने जगभरच्या अनेक संगणकांचे बायॉस पुसले आणि बायॉस गेला की मशीन सुरूच होत नाही, हे सगळ्यांना कळलं. त्यात आपल्याकडे भारनियमन. बायॉस लिहिला जात असताना लाइन गेली, तर मदरबोर्ड ठप्प. मग आठ पायांच्या चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने ती पुन्हा लिहायची, आणि त्यासाठी बहुधा नागपूर गाठायचं. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो खरा, पण बॅटरी मेलेली असेल तर अनेक मॉडेल अपडेट घ्यायलाच नकार देतात. जुन्या लॅपटॉपची अडचण नेमकी इथेच होते.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले आणि बायॉससारख्या फर्मवेअरच्या अपडेटांची घाई वाढली. बायॉसच्या जागी यूईएफआय आलेल्या नव्या मशीनवर ते विंडोज अपडेटमधूनही येतात. लिनक्सवर २०१५ पासून एफडब्ल्यूअपडी हे साधन आहे. सोय झाली, पण नवा घोळही झाला. काळ्या पडद्यावर सावकाश सरकणारी पट्टी पाहून माणसाला वाटतं मशीन हँग झालं, आणि तो पॉवरचं बटण दाबून धरतो.

आता प्रश्न दुरुस्तीच्याही पलीकडचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. मशीन सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणाऱ्या सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते. नवी प्रमाणपत्रं घेताना काही मशीनना कंपनीचा फर्मवेअर अपडेट लागेल, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलसाठी तो निघेलच असं नाही. पॅड चालतोय, कीबोर्ड चालतोय, तरी लॅपटॉप निवृत्त. लिनक्स त्याला आणखी काही वर्षं देऊ शकतं, पण केंद्रावरचं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का, हे आधी पाहावं लागतं.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना गावात रॅम आणि हार्ड डिस्क विचारली जाते. त्याआधी मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटचा बायॉस कोणत्या वर्षी आला ते पाहावं. त्या मशीनकडे कंपनीचं लक्ष आहे की नाही, हे त्या एका तारखेवरून कळतं, आणि किंमत ठरवायलाही तीच उपयोगी पडते.