सोकोत्राच्या गुहेत कोण आलं होतं?

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आपल्याकडे ढग घेऊन येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हाच वारा वाटेत एका बेटाला पार झोडपून काढतो, हे माहीत आहे? त्या बेटाचं नाव सोकोत्रा. ते येमेन देशाचं, पण अरबस्तानच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटर दूर, भर समुद्रात!

तिथली झाडं बघाल तर बघतच राहाल. ड्रॅगनवृक्ष म्हणजे वाऱ्याने उलटी केलेली छत्रीच. साल कापली की त्यातून लालभडक डिंक पाझरतो. त्याची टोकदार पानं धुक्यातलं पाणी पकडतात. थेंब ओघळत मुळांशी पोचतात आणि दाट सावलीमुळे ते चटकन सुकतही नाहीत. आणखी एक झाड तर चक्क काकडीच्या कुळातलं आहे. वेल नव्हे हं, फुगीर खोडाचं झाड!

पांढऱ्या वाळूवर तंबू ठोकायचा, निळ्या पाण्यात डुंबायचं, डोंगर चढायचे, अशी मजा इथे करता येते. मला विचाराल, तर सगळ्यात आधी गाठायची ती होक गुहा. दमछाक करणारी चढण चढून गेलं की कड्यात तिचं भलंमोठं तोंड दिसतं. आत दोन किलोमीटरहून जास्त काळोख आहे, आणि छतापासून लोंबणारे चुनखडीचे सुळके.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बेल्जियमचे गुहा-शोधक इथे खोलवर शिरले आणि थबकले. भिंतींवर, जमिनीवर अक्षरंच अक्षरं! दोनशेहून जास्त लेख, आणि बहुतेक ब्राह्मी लिपीत. होय, आपल्या नाणेघाटात आणि कार्ल्याच्या लेण्यात कोरलेली तीच ब्राह्मी, आपल्या देवनागरीची पूर्वज! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी इथे आपली नावं लिहिली. काहींनी गावही लिहिलंय : भरुकच्छ, म्हणजे नर्मदेच्या मुखाजवळचं आजचं भरूच. कुणी जहाजाचं चित्र काढलंय, कुणी स्तूपाचं.

पण इतक्या लांब ते आले कसे? वाऱ्यावर! हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, तेव्हा शिडं उभारून पश्चिमेला निघायचं. परतायला मात्र वारा फिरेपर्यंत थांबायचं.

गुहेत धूप जाळायची भांडीही सापडली. म्हणून अभ्यासकांना वाटतं, की ही जागा पवित्र मानली जात असावी. शिवाय एक लाकडी पाटी मिळाली, इ. स. २५८ मधली. ती लिहिणारा माणूस तर सीरियातल्या पाल्मिरा शहराचा होता!