जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसेल का?

पुण्यातील कार्यालयांतून निवृत्त झालेले संगणक पुढे कोठे जातात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मोठ्या कंपन्या एकाच नमुन्याचे शेकडो संगणक एकदम विकत घेतात आणि काही वर्षांनी ते तसेच एकदम काढून टाकतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार बंद झाला. तेव्हा ज्या यंत्रांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे चालत नाही, ती यंत्रे धडधाकट असूनही कार्यालयांच्या दृष्टीने म्हातारी ठरली. अशी यंत्रे सेकंडहँड बाजारात येतात, आणि तेथून शाळांत व घरांत.

समजा, पुणे-सातारा महामार्गावरील कामथडीच्या एका घरात असा एक संगणक आला आहे. दहावीतल्या मुलाला त्यावर त्रिमिती चित्रे काढायची आहेत, जमल्यास एखादा खेळही खेळायचा आहे. कोणीतरी सांगते, "त्यात एक ग्राफिक्स कार्ड टाक, म्हणजे झाले!" घरचे काही हजार रुपये साठवतात, कार्ड येते, आणि मग असे दिसते की ते कॅबिनेटमध्ये मावतच नाही, किंवा मावते, पण पडदा काळा तो काळाच. कार्ड बिघडलेले नाही आणि संगणकही बिघडलेला नाही. मग घोडे अडते कोठे? ते समजायला तुमच्या पुस्तकातील विद्युतधारेचा धडा पुरेसा आहे.

आधी कार्ड काय करते ते पाहू. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एकूण ठिपके झाले २०,७३,६००. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. भोर-वेल्ह्याकडच्या मुलांना भाताची लावणी सांगायला नको. नांगर धरायला एक जाणता माणूस पुरतो, पण लावणीला हात पुष्कळ लागतात. म्हणून तर इर्जिक घालतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा जाणता नांगऱ्या. २०१२ सालच्या कोअर आय-५ ३४७० मध्ये असे चार गाभे आहेत. ग्राफिक्स कार्डावर मात्र लावणीची माणसे असतात: जीटी १०३० या साध्या कार्डावर ३८४ आणि जीटीएक्स १६५० वर ८९६ छोटे गाभे, एकेका ठिपक्याचा हिशेब एकाच वेळी करणारे. आपल्याच जिल्ह्यात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांची आकडेमोड करायलाही याच जातीचे प्रोसेसर वापरले जातात. तेव्हा हे केवळ खेळाचे साधन आहे असे मानू नका.

पण इतक्या माणसांना जेवण घालायचे, म्हणजे वीज आलीच. मदरबोर्डवरील ज्या लांब खाचेत कार्ड बसते, त्या स्लॉटमधून किती वीज मिळू शकते हे ठरलेले आहे: १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५.५ अँपिअर आणि ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे सूत्र लावा. ६६ वॅट आणि ९.९ वॅट, मिळून ७५.९, व्यवहारात ७५ वॅट म्हणतात. याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायमधून, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एसएमपीएसमधून, वेगळी तार द्यावी लागते. सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५ वॅट, आठ पिनांच्या तारेतून १५० वॅट.

कार्यालयीन संगणकात ही तारच नसते! डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० या २०१२ सालच्या यंत्राचे उदाहरण घ्या. त्याच्या बारक्या कॅबिनेटमधला एसएमपीएस २४० वॅटचा आणि उभ्या मोठ्या कॅबिनेटमधला २७५ वॅटचा. प्रोसेसरसाठी ७७ वॅट धरा, मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखा यांना अंदाजे ५०, आणि वर ७५ वॅटचे कार्ड. बेरीज २०२. कागदावर जमते, पण हात राखून नाही. दहा-बारा वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर पहिल्यासारखे राहिलेले नसतात, शिवाय कार्डाची भूक क्षणभर एकदम वाढते. त्यातच काही उत्पादकांनी बारक्या कॅबिनेटमधील स्लॉटसाठी ७५ वॅटहूनही कमी मर्यादा पुस्तिकेत घातलेली असते. म्हणून अशा यंत्रात ३० वॅटचे जीटी १०३० निश्चिंतपणे चालते, ५३ वॅटचे आरएक्स ६४०० बहुधा चालते, आणि ७५ वॅटच्या जीटीएक्स १६५० साठी आधी पुस्तिका व नंतर खिसा पाहावा.

मोठा एसएमपीएस का बदलू नये? हा प्रश्न रास्त आहे. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकात मदरबोर्डला वीज देणारे जोडटोक २४ पिनांचे असते आणि कोणत्याही कंपनीचा एसएमपीएस त्याला चालतो. तयार संगणकांत हा शिरस्ता मोडलेला आढळतो. २०१३ च्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये हे जोडटोक आठ पिनांचे आहे, तर त्याच सालच्या एचपी एलिटडेस्क ८०० मध्ये सहा पिनांचे. त्यात गिऱ्हाइकाला अडकवण्याचा डाव असतो असे पुष्कळ लोक म्हणतात. मला तसे सरसकट म्हणवत नाही. अशा रचनेत एसएमपीएस मुख्यतः १२ व्होल्ट पुरवतो आणि ५ व ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो. त्यामुळे तारा कमी लागतात आणि विजेचा अपव्ययही कमी होतो. हजार यंत्रे चालवणाऱ्या कार्यालयाला ते हवेच असते. कामथडीचा मुलगा त्यांच्या हिशेबात नव्हता, इतकेच.

आता धोक्याची गोष्ट. डिस्कला वीज देणाऱ्या साटा तारेपासून सहा पिनांची तार करून देणारे जोडटोक बाजारात अगदी स्वस्त मिळते. ते घेऊ नका. साटा जोडटोकात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्डाने सहा पिनांतून ७५ वॅट मागितले तर ६.२५ अँपिअर धारा वाहील. त्यातली एक पिन सैल असली, तर उरलेल्या दोघींना प्रत्येकी सव्वातीन अँपिअरच्या जवळपास, नेमके ३.१२५ अँपिअर, वाहून न्यावे लागतील. धारा दुपटीहून थोडी जास्त झाली. पण ज्यूलच्या नियमाप्रमाणे उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा १.५ अँपिअरच्या मानाने त्या इवल्याशा टोकाशी चौपटीहून अधिक उष्णता निर्माण होईल. तापल्याने स्पर्श आणखी बिघडतो, रोध वाढतो, आणि उष्णता पुन्हा वाढते. असे एक वितळून काळे पडलेले जोडटोक मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठेवले आहे. ज्यूलचा नियम शिकवताना ते वर्गात फिरवले, की फळ्यावरच्या सूत्राला वास येतो.

जागेचे गणित सोपे आहे, फूटपट्टी घ्यावी. नेहमीच्या कार्डाची मागची पत्र्याची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते, बारक्या कॅबिनेटला ८ सेंटिमीटरची लागते. कार्डाची जाडीही मोजावी. पंखा जाड असला तर कार्ड शेजारच्या स्लॉटची जागा अडवते, आणि कित्येक बारक्या कॅबिनेटांत मुख्य स्लॉटच्या शेजारी स्लॉट नसून एसएमपीएसची पेटी असते.

कार्ड बसले, वीजही मिळाली, तरी पडदा काळा राहतो तेव्हा संशय बायोसवर घ्यावा. संगणक सुरू होताना प्रथम जागी होणारी ही छोटी आज्ञावली १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली आहे. तिची जागा पुढे यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीने घेतली. काही नव्या कार्डांना फक्त नवी भाषा येते. २०१०-११ च्या सुमाराच्या यंत्रांना ती नीट समजत नाही, त्यामुळे दोघे एकमेकांसमोर मुके उभे राहतात. कार्ड घेण्यापूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून शेवटचे बायोस भरून घ्यावे. मात्र त्या वेळी वीज जाणार नाही याची खात्री हवी. पावसाळ्यातली संध्याकाळ या कामाला वाईट.

आणखी एक गोम खोक्यावरच्या नावात आहे. जीटी १०३० हे एकच नाव दोन निरनिराळ्या कार्डांना आहे. २०१७ च्या मूळ कार्डाची स्मृती जीडीडीआर-५ जातीची, सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती देणारी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर-४ स्मृतीचे कार्ड आले, त्याचा वेग १६.८ गिगाबाइट. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश! आरएक्स ६४०० चेही असेच एक गुपित आहे. त्याचा काठ लांब दिसला, तरी माहितीची ये-जा फक्त चार मार्गिकांतून होते. नव्या मदरबोर्डावर ते खपून जाते, जुन्यावर वेग घटतो.

आणि पडदा जुना असेल तर? निळ्या टोकाची व्हीजीए तार अनुरूप, म्हणजे अखंड बदलणारे संकेत नेते. वर सांगितलेली तिन्ही कार्डे फक्त अंकीय संकेत देतात. मधे संकेत बदलणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. नुसते टोक बदलून भागत नाही.

राहिला कामथडीच्या मुलाचा प्रश्न. त्याला मुख्यतः चित्रफिती जुळवायच्या असतील, तर जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० या दोन्हींत चित्रफीत आवळून साठवणारे यंत्रांग नाहीच; उलट त्याच्या जुन्या आय-५ प्रोसेसरमध्ये ते आहे. म्हणून काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. रॅम भरलेली दिसली तर रॅम घ्यावी, डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली तर एसएसडी घ्यावी. ग्राफिक्सचा आलेख छताला टेकलेला दिसला, तरच कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचे लेबल वाचायला घ्यावे.