दुसरं रेग्युलेटर, पण सिलिंडर तोच

तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानात भाड्याचं सामान घेऊन स्कूबा डायव्हिंग करणारे बरेच जण तोंडातलं रेग्युलेटर नीट तपासतात आणि पिवळ्या ऑक्टोपसचं, म्हणजे जोडीच्या जादा रेग्युलेटरचं, पर्ज बटण एकदा फुस्स करून सोडून देतात. लटकतोय ना, मग झालं! पण या लटकणाऱ्या वस्तूबद्दल डायव्हरांच्या मनात असलेल्या समजुती तपासून पाहिल्या, तर त्यातल्या निम्म्या पाण्याखाली टिकत नाहीत.

सगळ्यात पसरलेला समज असा, की ऑक्टोपस म्हणजे जादा हवा. प्रत्यक्षात त्यात जादा असा एकही श्वास नसतो. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज 200 बारच्या आसपासचा दाब उतरवून, सभोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त इतका ठेवते. त्याच फर्स्ट स्टेजमधून एक होज तुमच्या तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते आणि दुसरी ऑक्टोपसकडे, म्हणजे आणखी एका सेकंड स्टेजकडे. नळ दोन झाले तरी टाकी एकच आहे.

आता हिशेब करून बघा. 30 मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली आणि तो तुमच्या ऑक्टोपसवर आला असं धरा. तिथे दाब 4 बार. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 30 लिटर हवा सहज ओढतो. दोघं मिळून त्या खोलीवर मिनिटाला 240 लिटर झाले. काय झालंय ते कळून ऑक्टोपस हातात येईपर्यंत एक मिनिट गेलं असं धरू. मग मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला सव्वातीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि त्यात सुमारे 500 लिटर हवा जाते. एकूण 740. आणि ‘50 बार उरले की वर’ हा नियम पाळणाऱ्याच्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये त्या वेळी असतात 550. सेफ्टी स्टॉप तर अजून धरलेलाच नाही. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तर आणखी 270 लिटर लागतील. म्हणजे खोल डाइव्हला ऑक्टोपसचा उपयोग व्हावा असं वाटत असेल, तर तळ सोडताना गेजचा काटा 90 बारच्या वर हवा. कोणतं मॉडेल घ्यावं यावर तासन्‌तास बोलणारे हा गुणाकार क्वचितच करतात.

दुसरा समज: माझं रेग्युलेटर बंद पडलं तर माझाच ऑक्टोपस मला वाचवेल. माउथपीस निखळलं, त्याचं रबर फाटलं, तर हो, वाचवेल. पण बिघाड फर्स्ट स्टेजमध्ये असेल तर तो दोन्हीकडे पोहोचतो. आजची बहुतेक रेग्युलेटर बिघडली की हवा अडवत नाहीत, उलट सोडत सुटतात. फर्स्ट स्टेजचा दाब चढत गेला की सेकंड स्टेजची झडप उघडते, फ्री-फ्लो सुरू होतो आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. अशा वेळी कामाला येतो तो बडीचा ऑक्टोपस. तुमच्या अंगावरचा मुळात त्याच्यासाठी आहे. 1960च्या दशकाच्या मध्यात बहामा बेटांवरच्या यूनेक्सो या डायव्हिंग केंद्रात डेव्ह वुडवर्ड यांनी डाइव्ह-लीडरला दोन सेकंड स्टेज द्यायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्याआधी एकच माउथपीस दोघांत आलटूनपालटून फिरवायचं शिकवत. घाबरलेल्या माणसाने दोन श्वास घेऊन ते परत द्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

म्हणूनच ‘ऑक्टोपस काय, स्वस्तातला चालतो, जरा जड ओढला तरी हरकत नाही’ हे मला पटत नाही. तो फुकट वाहू नये म्हणून थोडा घट्ट लावतात हे खरं आहे. पण तो ज्याच्या तोंडात जाणार, त्याला आधीच धाप लागलेली असते. युरोपच्या ईएन 250 या मानकाच्या 2014च्या आवृत्तीत ऑक्टोपससह वापरायच्या रेग्युलेटरची वेगळी चाचणी आहे आणि पास झालेल्यावर आकड्यापुढे ‘ए’ येतो. खरेदी करताना तो बघावा. फ्री-फ्लोची भीती असेल तर ऑक्टोपस लटकताना माउथपीसचं तोंड खाली ठेवा. ते वर असलं की डायफ्रॅम हा आतला पडदा माउथपीसपेक्षा खोल जातो, तिथला पाण्याचा जास्त दाब त्याला आत ढकलतो आणि झडप उघडते.

आता जागा. बीसीडी जॅकेटच्या खिशात कोंबलेला किंवा मागे तळावर वाळू उकरत फरफटणारा ऑक्टोपस नसल्यातच जमा. हनुवटी आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या बरगड्या यांच्यात जो त्रिकोण होतो, त्यात तो हवा. एका हिसक्यात सुटेल पण आपोआप पडणार नाही अशा होल्डरमध्ये. होज साधारण मीटरभर. समोरासमोर देताना तिला वळण घ्यावं लागतं, आखूड असली तर बडीची मान ओढली जाते. आणि बहुतेक सेकंड स्टेज उलट्या धरल्या की श्वासाबरोबर पाणी आत येतं, म्हणून एक्झॉस्ट, म्हणजे श्वास बाहेर जायची बाजू, खाली राहील असाच ऑक्टोपस पुढे करायचा.

गळ्यातल्या इलॅस्टिकमध्ये हनुवटीखाली अडकवलेलं बॅकअप आणि तोंडात लांब होजचं रेग्युलेटर, ही मांडणी ‘टेक्निकलवाल्यांचे चोचले’ म्हणून उडवून लावली जाते. ती रुजवली फ्लॉरिडाच्या गुहांमधल्या डायव्हरांनी. अरुंद बोळातून एकामागे एक जायचं म्हणून त्यांची होज 7 फुटांची. मोकळ्या समुद्रात 5 फूट पुरते. त्यामागचं गणित मात्र साधं आहे: तोंडातलं रेग्युलेटर चालू आहे हे नक्की असतं आणि घाबरलेला बडी बहुधा त्याच्यावरच झडप घालतो. मग तेच द्यावं आणि आपण गळ्यातलं घ्यावं. बीसीडीत हवा भरायच्या इन्फ्लेटरमध्येच बॅकअपची सेकंड स्टेज असेल तरी हीच रीत. फक्त कोणतं रेग्युलेटर देणार, हे उतरण्याआधी बडीला सांगा आणि एकदा करून दाखवा.

ऑक्टोपसऐवजी काही जण 85 लिटर हवा भरलेली, हातात मावणारी छोटी बाटली घेतात. ती स्वतंत्र असते, हा तिचा गुण. 10 मीटरवरून ती घाबरलेल्या माणसालाही वर आणेल. 30 मीटरवर ती पाऊण मिनिटही पुरत नाही. तिथे किमान 3 लिटर आकारमानाचा पोनी सिलिंडर हवा, त्याचं रेग्युलेटर वेगळं आणि तो हाताळायचा सरावही वेगळा.

तपासणीला दोन मिनिटं लागतात. व्हॉल्व्ह उघडण्याआधी ऑक्टोपसमधून श्वास ओढून बघा. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. मग व्हॉल्व्ह उघडून त्यातून चार-पाच पूर्ण श्वास घ्या आणि नजर गेजवर ठेवा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. शेवटी बडीला डोळे मिटून ऑक्टोपस शोधायला सांगा, कारण मालवणच्या गढूळ पाण्यात बहुतेकदा त्याला हातानेच चाचपावा लागणार आहे.