पट्टा कुणासाठी?

कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाच्या वाट्याला सोसायटीत एक वाक्य हमखास येतं. लिफ्टचं दार उघडतं, आतून लॅब्रॅडॉर मुसंडी मारतो, माणूस भिंतीला चिकटतो आणि मागून प्रसन्न आवाज येतो, ‘‘काही करत नाही हो तो! खेळायला येतोय.’’ बोलणाऱ्याच्या हातात पट्टा असतो, फक्त तो कुत्र्याला अडकवलेला नसतो.

वाक्य खोटं नसतं. त्या कुत्र्यानं आजवर खरंच कुणाला काही केलेलं नसतं. भिंतीला चिकटलेल्या माणसाचं मात्र तेवढ्यात बरंच काही होऊन गेलेलं असतं. छातीत धडधड, पायांना कापरं, घशाला कोरड, आणि चारचौघांत हसं झाल्याची शरम. दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यानं जायला लागतो. मग कुत्रा फिरायला निघतो ती वेळ टाळून दूध आणायला जातो. हळूहळू त्याचा दिवस शेजारच्या कुत्र्याच्या वेळापत्रकावर ठरू लागतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा. त्यावर २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात घमासान झालं, आणि तिथं निदान महापालिकेला बोल तरी लावता येतो. इथला कुत्रा घरचा आहे, लस टोचलेला, नाव असलेला. त्याच्याबद्दल तक्रार करायची तर त्याच्या ‘आईबाबां’कडे करावी लागते, आणि ते गणपतीच्या आरतीला आपल्याच शेजारी उभे असतात. म्हणून बरेच लोक काही बोलतच नाहीत.

ही भीती येते कुठून? कुत्रा चावला म्हणून, हे उघड उत्तर. पण ज्यांना कुत्रा कधीच चावलेला नाही अशी माणसंही तितकीच घाबरतात. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती शिकण्याच्या तीन वाटा मांडल्या होत्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि कानावर पडलेलं. आपल्या घरांत या तिन्ही वाटा वाहत्या असतात. ‘जेव, नाहीतर भुभू येईल’ इथून सुरुवात होते. रस्त्यात कुत्रा दिसला की आईचा हात पोराच्या मनगटावर आवळला जातो आणि ती अक्षरही बोललेली नसताना पोराला जे कळायचं ते कळतं. आज पन्नाशी ओलांडलेल्यांच्या मनात तर ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ घर करून बसलेली आहेत. ती नुसती ऐकीव भीती नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी सेम्पल लस खरोखरच पोटावर, रोज एक अशी टोचली जायची. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. लस गेली, धास्ती मागे राहिली. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना मनोभावे हात जोडणारी माणसं फाटकाशी पाचवा दिसला की माघारी वळतात, ती काही उगीच नाही.

घाबरणं म्हणजे आजार नव्हे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. अनोळखी, मोकळं, पस्तीस किलोचं जनावर अंगावर धावून आलं तर दचकणं हे शाबूत मेंदूचं लक्षण आहे. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, कुत्रा बांधलेला असताना किंवा चित्रात असतानाही घाम फुटू लागला, नातेवाइकांकडे जाणं आणि मुलांना बागेत नेणं बंद झालं, तर मात्र मानसोपचारात त्याला फोबिया म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. या दोहोंच्या मध्ये बरीच माणसं असतात. त्यांना डॉक्टर लागत नाही. थोडा अभ्यास आणि शेजाऱ्यांचं थोडं सहकार्य लागतं.

भीती टिकवून धरतं ते टाळणं. जिन्यानं गेलो, कुत्रा भेटला नाही, हायसं वाटलं. मेंदू नोंद करतो की जिन्यानं गेलो म्हणून वाचलो. कुत्रा लिफ्टमध्ये नव्हताच, किंवा असता तरी काही झालं नसतं, हे तपासून पाहायची संधीच मेंदूला मिळत नाही. अशा प्रत्येक सुटकेनं भीती आणखी मुरते.

हे ऐकलं की कुत्रावाले शेजारी लगेच म्हणतील, ‘‘तेच तर आम्ही सांगतोय! रोज भेटा त्याला, सवय होईल.’’ तत्त्व त्यांनी बरोबर पकडलंय, कृती मात्र साफ उलटी आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेनं १९२४ मध्ये पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर खुर्चीत बसून आवडीचं खात असे आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवला जाई. मुलगा निवांत आहे असं पाहून ससा रोज थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी पीटरनं त्याला हात लावला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये याच वाटेवरची शिस्तशीर उपचारपद्धत मांडली. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की प्राण्यांची भीती जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीतही बरीच उतरते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ससा कुठे असेल, किती जवळ येईल आणि कधी थांबेल, हे आधी ठरलेलं असतं आणि घाबरणाऱ्याच्या संमतीनं घडतं. ओस्ट यांच्या बैठकीतही रुग्णाला न विचारता काही केलं जात नाही. कोपऱ्यावरून अचानक उसळी मारून येणारा मोकळा कुत्रा नेमकी हीच अट मोडतो. अशा दहा भेटींनी सवय होत नाही, भीतीच पक्की होते. माझ्या मते या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे: शेजाऱ्यानं कुत्र्याला पट्टा बांधला तरच घाबरणाऱ्याला स्वतःच्या भीतीवर काम सुरू करता येतं. ‘आधी तुम्ही घाबरणं सोडा’ म्हणणारे सगळा क्रमच फिरवतात.

पट्टा आला की पुढचं काम घाबरणाऱ्याचं. समजूतदार, वयस्क कुत्रा असलेला एखादा शेजारी गाठावा. असा एक तरी बहुतेक सोसायट्यांत असतो, आणि विचारलं तर बहुधा आनंदानं तयार होतो. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. बाल्कनीतून खालचा कुत्रा पाहणं, समजा, दोन गुणांचं. आवाराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला कुत्रा दिसत असताना बाकावर बसणं चार गुणांचं. तिथं बसायचं आणि धडधड निम्म्यावर येईपर्यंत उठायचं नाही, कारण भीती चढलेली असताना उठलं तर मेंदूची तीच जुनी नोंद पुन्हा पक्की होते. ती पायरी कंटाळवाणी झाली की पुढची. मधे एखादा दिवस वाईट जातो, तेव्हा एक पायरी खाली उतरायचं. कुत्र्याला हात लावणं हे ध्येय असायलाच हवं असं नाही. लिफ्टबाहेर शांत उभं राहता आलं तरी पुष्कळांचं काम भागतं. भीती फार खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मोकळा कुत्रा समोर आलाच तर? पळू नये. पळणाऱ्यामागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. ‘हाड हाड’ करत हात उडवणंही टाळावं, खेळकर कुत्र्याला ते आमंत्रण वाटतं आणि बिथरलेल्याला धमकी. जागीच थांबावं, किंचित तिरकं उभं राहावं, हात अंगाशी धरावेत, डोळ्याला डोळा न भिडवता जमिनीकडे पाहावं. पिशवी, छत्री, पर्स जे असेल ते मध्ये धरावं. कुत्रा हुंगतो, त्याला रस वाटत नाही, तो जातो. मग मागे मागे सरकत निघावं, लगेच पाठ फिरवू नये. पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकावेत. हे घरी दोनचार वेळा करून पाहिलेलं असावं, ऐन वेळी वाचलेलं आठवत नाही.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज मात्र सोडून द्यावा. अंग सैल आणि शेपूट अख्ख्या कमरेसकट डुलतेय, तर मामला मैत्रीचा. अंग ताठ, शेपूट उंच आणि टोकाशीच थरथरतेय, नजर खिळलेली, तर अंतर ठेवावं. कुत्रा तोंड फिरवून सारखे ओठ चाटत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर तो स्वतःच घाबरलेला आहे.

आपली भीती कुत्र्याला वासानं कळते असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. नेपल्सच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास दिल्यावर लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्रे तणावात आले. पण ते हल्ला करायला धावले नाहीत, अनोळखी माणसापेक्षा मालकाकडेच जास्त वळले. म्हणजे आपण घाबरलो की कुत्रा धीरासाठी मालकाला शोधतो. तेव्हा पट्ट्याचं दुसरं टोक मालकाच्या हातात असलेलं कुत्र्यालाही हवंच असतं.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी सुटते. ज्येष्ठांना धोका दातांचा कमी, पंजांचा जास्त. लाडात येऊन छातीवर उडी घेणारा लॅब्रॅडॉर चावत नाही, पण पंचाहत्तरीच्या आजींचा खुबा मोडू शकतो, आणि त्या वयात खुबा मोडला की पुढचं सगळं आयुष्य बदलतं. ‘प्रेमानं आला हो’ हा तिथं बचाव होऊ शकत नाही.

शेजाऱ्याशी बोलायचं ते प्रसंग घडला त्या क्षणी नको, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथं अर्ध्या तासात श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे अशा दोन फळ्या पडतात आणि मूळ मागणी वाहून जाते. संध्याकाळी घरी जावं, मागणी छोटी आणि नेमकी ठेवावी: लिफ्ट, जिना आणि पार्किंगमध्ये पट्टा, तोही आखूड धरलेला. ‘तुमचा कुत्रा वाईट’ म्हणू नये, ‘मला भीती वाटते’ एवढं म्हणावं. त्यावर वाद घालता येत नाही. सोबत आणखी कुणाला न्यायचं असेल तर पट्टा वापरणाऱ्या दुसऱ्या कुत्रावाल्याला न्या. मोकळ्या कुत्र्याचा ताप त्यालाही होतो, कारण बांधलेल्या कुत्र्यावर मोकळा धावून आला की दोघांची जुंपते.

एवढं करूनही ऐकलं नाही, तर तारीख-वेळ घालून समितीला लेखी पत्र. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, कुत्र्याला लिफ्टही नाकारता येत नाही. पण सामाईक जागेत कुत्रा पट्ट्यानं बांधलेला असावा, असं त्याच सूचना पाळणाऱ्यांना सांगतात. पोलिसांकडे जायची वेळ आलीच तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा संभाव्य धोका असताना पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘संभाव्य’ हा शब्द लक्षात ठेवावा, चावा पडेपर्यंत थांबायची गरज नाही. अशा तरतुदी केवळ कागदावर राहत नाहीत. वरळीतल्या एका इमारतीत फेब्रुवारी २०१८ मध्ये लहान मुलासोबत लिफ्टमध्ये असलेल्या रहिवाशानं, मूल घाबरतं, जरा थांबा, अशी विनंती केली होती. मालकानं तरीही हस्की आत ओढला आणि तो त्या रहिवाशाला चावला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. मधे सात वर्षं गेली, म्हणूनच संध्याकाळची ती भेट स्वस्त पडते.

चावलाच, किंवा ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड यांतलं काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लस दंडात दिली जाते, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं सीरमही टोचावं लागतं. कुत्र्याला लस दिलेली आहे या मालकाच्या भरवशावर घरी बसू नये.

आणि कुत्रा पाळणाऱ्यांना एक विनंती. पट्टा घरातच, दार उघडण्याआधी अडकवा. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर ‘येऊ का?’ असं विचारा. समोरचा नाही म्हणाला, तर कारण न विचारता पुढच्या लिफ्टनं जा.